स्टेडियमच्या गर्दीपलीकडे अल्बमविषयीही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्यांना भरपूर जागा दिली. तिकिटांचा काळाबाजार, वाहतुकीतले बदल, स्टेडियमकडे लोटलेली गर्दी, हे सारे वाचायला मिळाले आणि नवी मुंबईकरांना त्याचा उपयोगही झाला. मात्र हा बँड वाजवतो काय, त्याचे कोणते अल्बम कसदार आणि कोणते सुमार, यावर एक परिच्छेदही माझ्या वाचनात आला नाही. आपल्या रविवारच्या पुरवणीत बँडच्या अल्बमचे सविस्तर परीक्षण नियमितपणे यावे, एवढ्याच विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

‘कोल्डप्ले’पुरते माझे मत स्पष्ट आहे. त्यांचा सर्वांत चांगला अल्बम दुसरा, म्हणजे २००२ सालचा ‘अ रश ऑफ ब्लड टू द हेड’. त्याची सुरुवात ‘पॉलिटिक’ या गाण्यात सगळी वाद्ये एकाच वेळी घणाघात केल्यासारखी वाजत होते आणि शेवट ‘ॲमस्टरडॅम’मधल्या एकट्या पियानोकडे येतो, जो बराच वेळ संयम राखून अखेरीस उसळतो. ‘क्लॉक्स’ आणि ‘द सायंटिस्ट’ ही सर्वांच्या ओठांवर असलेली गाणी या दोन टोकांच्या मध्ये आपापल्या जागी ऐकली, तर वेगळीच लागतात. २०२१ चा ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ स्टेडियममध्ये हजारोंनी हात उंचावण्यासाठी उत्तम असेल. पण त्यातल्या गाण्यांना एकमेकांचा आधार लागत नाही, आणि मला तो अल्बमचा दोषच वाटतो. याच्याशी कोणी असहमत असेल तर त्याने जरूर लिहावे. असा वाद मराठीत, छापील पानावर व्हावा, हीच माझी इच्छा आहे.

याच स्टेडियमवर १५ डिसेंबर २०१९ रोजी ‘यू-टू’ या आयरिश बँडने आपला १९८७ सालचा ‘द जोशुआ ट्री’ हा अल्बम पहिल्या गाण्यापासून अकराव्या गाण्यापर्यंत त्याच क्रमाने सादर केला होता. त्या दौऱ्याचा तो शेवटचा कार्यक्रम होता. एक अख्खा अल्बम क्रमाने वाजवला जाणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट, आणि त्या क्रमालाही स्वतःचा इतिहास आहे. ध्वनिमुद्रण संपत आले तरी गाणी कोणत्या क्रमाने लावावीत हे बँडला ठरवता येत नव्हते. तेव्हा त्या अल्बमवर काम करणारे निर्माते स्टीव्ह लिलीव्हाइट यांच्या पत्नी, गायिका कर्स्टी मॅकॉल यांनी ते काम आपल्याकडे घेतले. पहिले गाणे कोणते आणि शेवटचे कोणते एवढेच बँडने सांगितले. मधली सगळी मांडणी त्यांची. पहिल्या गाण्यात ऑर्गनचा सूर लांबून यावा तसा हळूहळू मोठा होतो, मग गिटार येते, आणि गायक बोनो यांचा आवाज जवळजवळ पावणेदोन मिनिटांनी ऐकू येतो. अखेरच्या गाण्यात लॅटिन अमेरिकेतल्या हुकूमशाहीत बेपत्ता झालेल्या मुलांच्या आया आहेत. मधली नऊ गाणी ओलांडून त्या शेवटापर्यंत येणे आणि मोबाइलवर ते गाणे मध्येच कधीतरी कानावर पडणे, या दोन अनुभवांत फार अंतर आहे.

माझ्या पिढीला हे कॅसेटने शिकवले. ‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला. त्याची पहिली बाजू मृत्यूविषयीच्या गाण्यात क्लेअर टॉरी या गायिकेने शब्दाविना केलेल्या आकांतावर संपते. मग कॅसेट काढून उलटवायची, पुन्हा बटण दाबायचे, आणि दुसरी बाजू नाण्यांच्या खणखणाटाने व गल्ल्याच्या आवाजाने सुरू व्हायची. मृत्यूनंतर पैसा, मध्ये ती चार-पाच सेकंदांची शांतता. दुसऱ्या बाजूचे ‘मनी’ हे पहिले गाणे सात मात्रांचे आहे. सात मात्रांचा रूपक ताल हाताला बसलेल्या कोणाही ठाणेकराला त्यावर सहज ताल धरता येईल, आणि गिटारचा सोलो सुरू होताच ताल सातावरून चारावर येतो तो क्षणही तो अचूक पकडेल. सॅक्सोफोन मात्र सातातच वाजतो. इतक्या बारकाईने रचलेल्या कामातली चार गाणी वेगळी काढून ‘सर्वोत्कृष्ट’ म्हणून ऐकवली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. गायिका अडेल यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये आग्रह धरला आणि ‘स्पॉटिफाय’ने अल्बमच्या पानावरून गाणी उलटसुलट लावणारे मुख्य बटण हटवले, कलावंतांना क्रमाचे किती महत्त्व वाटते, हे त्यावरून कळते.

मराठी श्रोत्याला हे नवे नाही. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीतांचे ‘गीतरामायण’ ऐकलेल्या घरांत, कुश-लवांच्या गायनाआधी सेतुबंधनाचे गीत लावण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवला नसता. बैठक भैरवीने सुरू होत नाही, हेही आपण जाणतो. ठाण्यात पं. राम मराठे स्मृती समारोह होतो, तेव्हा त्यावर लिहिणारे कोणता राग झाला, विलंबित कशी रंगली, द्रुतात काय साधले, तबल्यावर आणि संवादिनीवर कोण होते, हे सांगितल्याशिवाय राहत नाहीत. मराठी संगीतसमीक्षेची ही शिस्त फार मोलाची आहे. गिटार, बेस आणि ड्रम्सच्या संगीताला तीच शिस्त लावायला काय हरकत आहे? ही पाश्चात्त्यांची नक्कल, असे म्हणून हा विषय बाजूला सारणाऱ्यांना ठाणे आणि नवी मुंबईतली मुले काय ऐकतात याची कल्पना नसावी, आणि त्यांच्या आईवडिलांनी तरुणपणी काय ऐकले याचीही.

शिवाय प्रश्न केवळ परदेशी बँडचा नाही. उस्ताद झाकीर हुसेन यांचे डिसेंबर २०२४ मध्ये निधन झाले, तेव्हा ‘शक्ती’ या त्यांच्या बँडचे नाव अनेक लेखांत आले. पण १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शक्ती’च्या पहिल्या अल्बममध्ये अवघ्या तीन रचना आहेत आणि तिसरी जवळजवळ अर्ध्या तासाची असून रेकॉर्डची पूर्ण दुसरी बाजू व्यापते, याचा उल्लेख मी वाचला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमला ग्रॅमी मिळाले, बँडचे गायक शंकर महादेवन यांचे अभिनंदन झाले, ते योग्यच झाले, मात्र त्या अल्बमची सुरुवात दिवंगत मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्या स्मरणाने होते, हे किती वाचकांपर्यंत पोहोचले?

आज स्वतंत्रपणे गाणी करणारी मराठी मुले एकेक सुटे गाणे प्रसिद्ध करतात, कारण रील्सच्या काळात तेच चालते. ‘अभंग रिपोस्ट’सारख्या बँडने संतांचे शब्द गिटार आणि ड्रम्सच्या संगतीने तरुणांपुढे आणले, ते मी आवडीने ऐकतो. अशा कलावंतांनी आठ-दहा गाण्यांचा एकसंध अल्बम करण्याचे कष्ट घ्यावेत असे वाटत असेल, तर तो अथपासून इतिपर्यंत ऐकून त्यावर गांभीर्याने लिहिणारे कोणीतरी हवे. स्तुतीच हवी असे नाही. क्रम फसला, ड्रम्सखाली शब्द बुडाले, सहावे गाणे नसते तरी चालले असते, असे कोणी लिहिले तर करणाऱ्याला त्याचा उपयोगच होईल.

सदर महिन्यातून दोनदा आले तरी पुरे. एका वेळी एकच अल्बम घ्यावा. जुना आणि नवा आलटून पालटून. सोबत वादकांची, निर्मात्यांची आणि शक्य तेथे ध्वनिमुद्रकाचीही नावे द्यावीत, कारण ॲपवर ती सापडता सापडत नाहीत. माझी सूचना अशी की, सुरुवात ‘इंडियन ओशन’ या भारतीय बँडच्या २००० सालच्या ‘कंदिसा’ने करावी. केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची प्राचीन प्रार्थना, हिंदी कवी गोरख पांडे यांची कविता आणि नर्मदेचे लोकगीत त्या एकाच अल्बममध्ये नांदतात. बँडचे बेसवादक राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले. नंदुरबारच्या डोंगराळ भागातील गावांनी ज्या नदीसाठी लढा दिला, तिचे गाणे महाराष्ट्रातल्या वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)