जामीन राहण्याआधी फॉर्म घरी न्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचाच, उद्यमनगरात एका कारखान्यात स्टोअरला आहे. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. हे पत्र खरं तर आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या लोकांसाठी लिहितोय, पण जामीन राहायची सवय सगळ्याच समाजात आहे, त्यामुळं बाकीच्यांनीही वाचावं.

सहा वर्षांपूर्वी रविवारची उपासना सुटल्यावर आवारात एकानं मला थांबवलं. आमच्याच मंडळीतला, गायनाला माझ्या शेजारी उभा राहणारा. धंद्यासाठी पतसंस्थेतून ३ लाखांचं कर्ज काढतोय, एक जामीनदार कमी पडतोय म्हणाला. फॉर्म त्यानं मोटारसायकलच्या सीटवर पसरला, जिथं जिथं सही पाहिजे तिथं पेन्सिलीनं फुल्या मारूनच आणल्या होत्या. मी जरा घुटमळलो तर म्हणाला, "दादा, प्रभू येशू आपल्यासाठी जामीन झाला, तुम्ही माझ्यासाठी व्हायचं नाही का?" यावर काय बोलणार! मनातल्या मनात प्रार्थना केली आणि सगळ्या फुल्यांवर सह्या करून टाकल्या. घरी आल्यावर मिसेसनं विचारलं हप्ता किती, किती वर्षांचं कर्ज, दुकानाचा गाळा त्याचा स्वतःचा आहे का भाड्याचा, मला एकाचंही उत्तर देता आलं नाही.

दोन वर्षांत हप्ते थांबले, तो गाव सोडून गेला आणि वसुलीचा माणूस माझ्या दारात. मी म्हटलं आधी त्याला गाठा मग माझ्याकडं या, तेव्हा वकिलांनी समजावलं की १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ आहे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, आधी त्याच्याच मागं लागा असं संस्थेवर बंधन नाही. पुढं सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला आणि पगारातून कपात सुरू झाली, ती अजून चालू आहे. पोरीच्या नर्सिंग कॉलेजची फी त्या वर्षी मिसेसच्या पाटल्या गहाण ठेवून भरली.

त्या माणसाचा राग आता निवळलाय. मला जास्त लागतं ते माझ्या त्या प्रार्थनेचं. तिच्यात मी फक्त सगळं नीट होऊ दे एवढंच म्हटलं, शहाणपण मागितलंच नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात आहे की ज्याला ज्ञान कमी पडतं त्यानं देवाकडं मागावं, तो सढळ हातानं देतो. आणि बायबलमधल्याच नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच जामीनकीनं होते, अडकला असशील तर डोळ्याला डोळा लागू देऊ नको, हरिणासारखा निसटून जा. बावीसाव्या अध्यायात तर जामीन राहू नको, फेडायला नसेल तर अंगाखालचं अंथरूण कशाला ओढून न्यायला लावतोस असं विचारलंय. हे मी लहानपणापासून वाचत आलोय हो! पण सही करताना आठवलं नाही, कारण आपल्याकडं वचनं भिंतीवर लावतो आणि व्यवहार दारातल्या दारात करतो.

प्रभू जामीन झाला हे खरंच आहे, इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात हाच शब्द आहे. पण त्यानं पूर्ण किंमत माहीत असताना स्वतः भरली. बुरूज बांधणाऱ्यानं आधी बसून खर्चाचा हिशोब करावा हेही त्यानंच सांगितलंय. मागेल त्याला दे ही आज्ञा मला मान्य आहे, खिशात ५ हजार असतील तर ते देऊन विसरून जावं, पण जे जवळ नाहीच त्या ३ लाखांवर सही करणं म्हणजे बायकापोरांच्या ताटातलं देणं, आणि त्यांना तर मी विचारलंही नव्हतं.

१८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब कोल्हापुरात आले तेव्हा त्यांनी शाळांवर भर दिला. आमच्या पणजोबांच्या हातात बायबल आलं ते वाचता यायला लागल्यावर. त्या घरातल्या माणसानं चार पानी फॉर्म न वाचता सही करावी याची मला फार खंत वाटते.

म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांना आणि तरुण संघाला हात जोडून विनंती, नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, रोज एक असा महिना घरोघरी वाचू द्या, सहा तारखेला जामीनकीचा अध्याय येतो त्या आठवड्यात मंडळीतल्याच एखाद्या वकिलाला किंवा बँकेतल्या माणसाला उभं करा, कर्जाचा फॉर्म कसा वाचायचा ते पोरांना दाखवू द्या. तासाभराचं काम आहे. महिला मंडळातही घ्या, घरात नेमके प्रश्न त्याच विचारतात.

मागच्या रविवारी तसाच एक फॉर्म एका तरुण पोराच्या हातात दिसला. मी जवळ गेलो, पण काही बोलायच्या आधीच तो समोरच्याला म्हणाला, "घरी नेऊन वाचतो, बुधवारी सांगतो." समोरच्याचं तोंड उतरलं. पोरानं फॉर्मची घडी केली, बायबलमध्ये ठेवली आणि गाडीला किक मारली.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, कोल्हापूर