शेवटी अँबॅसेडरचंच इंजिन बसवलं

ठाणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

तीन वर्षं झाली, तुझा फोन नाही, माझाही नाही. माझ्या बाजूनं कारण एकच होतं. फोन केला असता तर तुझं म्हणणं बरोबर होतं हे कबूल करावं लागलं असतं. काल रात्री अकराला आपली जुनी इंग्लिश गाडी, ती एमजी टीडी, सुरू झाली. अँबॅसेडरच्या इंजिनावर. आपल्या मेकॅनिक चाचांनी माझा हात धरून दाबला आणि मला पहिली आठवण तुझी झाली. फोनवर हे सगळं सांगताना मी मध्येच भांडायला लागेन, म्हणून लिहितोय.

इकडे सगळे बरे. माझी शुगर थोडी वर, आईचे गुडघे तसेच. अप्पांना काचबिंदूमुळे आता उजव्या डोळ्यानं नुसता उजेड कळतो, डाव्यानं माणसाची आकृती. बाकी ठणठणीत.

गायमुखच्या चढावर पिस्टनचा रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला तेव्हा तू शेजारीच होतास. रस्त्यावरचं ऑइल बघून तू म्हणालास, "शिऱ्या, गेलं हे." मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही, जणू तूच फोडलास. नंतर तो ब्लॉक घेऊन मी वागळे इस्टेट पालथं घातलं. दोघांनी तडा शिवून देतो म्हणून सांगितलंही, पण तो, क्रँक जिथे फिरतो त्या मेन बेअरिंगच्या भिंतीपर्यंत गेला होता. चाचा म्हणाले, "शिवून पाणी थांबेल बेटा, क्रँक नाही थांबणार."

तेव्हाच तू अँबॅसेडरचं इंजिन सुचवलंस आणि मी ओरडलो, "एमजी टीडीमध्ये सरकारी गाडीचं इंजिन?" तू किती शांतपणे समजावलं होतंस. ज्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात टीडी बनली, त्याच कारखान्यानं १९५५ साली एमजीए काढली, आणि तिच्यात हेच १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन होतं. जरा जास्त ताकदीचं, दोन कार्बोरेटरचं, पण त्याच घराण्यातलं. मी तरी ऐकलं नाही. मग तू ते लाकडाचं काढलंस. दाराच्या खांबाचं अ‍ॅशचं लाकूड वाळवीनं खाल्लं तेव्हा कोपरीच्या सुताराकडून सागाचं करून घेतलंस, मग अस्सलपणा तेव्हा कुठे गेला होता? मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी उठून गेलो. आजही सुचत नाही.

पण हट्टाचं खरं कारण मी तुला कधी सांगितलं नाही. २०२१ च्या नियमांमुळे पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेजची वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ते 'व्हीए' येतं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार नको. आपली १९५१ ची. मला ती पाटी हवी होती, अप्पांच्या नावावर. त्यासाठी मी १२५० सीसीचा जुना ब्लॉक शोधत राहिलो. इंग्लंडहून आणायची किंमत आणि वर ड्यूटी ऐकून गप्प बसायचो, पुन्हा शोधायला लागायचो. मी पाटीची वाट बघत बसलो आणि तेवढ्यात अप्पांचा डोळा गेला. गाडी नुसती चालती असती तर त्यांनी त्या वर्षांत येऊरपर्यंत स्वतः चालवली असती. हे मला रोज खातं, बंड्या. घरात कुणाला बोललेलो नाही.

आता कामाचं सांगतो, तुला राहवत नसेल. एकही कापाकापी केलेली नाही, ही माझी अट होती. गिअरबॉक्स टीडीचाच ठेवला, कारण अँबॅसेडरचा गिअर स्टिअरिंगपाशी, तो इथे काय कामाचा? इंजिन आणि बेल हाउसिंग, म्हणजे क्लच झाकणारं गिअरबॉक्सचं तोंड, यांच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट वागळे इस्टेटला करून घेतली. पहिली प्लेट केसभर बाजूला गेली. मोजायची डायल लावून बघितल्यावर चाचांनी ती सरळ भंगारात टाकली. म्हणाले, "असं बसवलं तर क्लच रोज रडेल." दुसरी बरोबर आली. क्रँकच्या टोकाला, गिअरबॉक्सचा शाफ्ट टेकायला, पायलट बुश पायरीचा कातून घेतला. इंजिनच्या मागच्या पायांसाठी ब्रॅकेट केले, तेही नटबोल्टवर. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरनं मात्र पंधरा दिवस खाल्ले. टीडीत त्याची केबल डायनॅमोच्या मागच्या छोट्या गिअरबॉक्समधून निघते, हे तूच मला पहिल्यांदा दाखवलं होतंस. तोच डायनॅमो नव्या इंजिनावर चढवला, पण पुलीचं प्रमाण जुळेपर्यंत काटा धडधडीत खोटं बोलत होता. आता खरं बोलतो. जुनं इंजिन ऑइलकापडात गुंडाळून शेडमध्ये स्टँडवर ठेवलंय, नंबरासकट. इंजिन बदलाच्या मंजुरीसाठी आरटीओत अर्ज टाकलाय.

गाडी खेचते छान. आवाज मात्र वेगळा आहे.

आणि हीच काळजी आहे. अप्पांना मी सांगितलेलंच नाही. त्यांना वाटतंय जुनंच इंजिन दुरुस्त होतंय. रोज संध्याकाळी विचारतात, "लागली का रे?" तुला आठवतं, गाडी राम मारुती रोडवरून वळली की ते वरूनच आईला चहा टाकायला सांगायचे? खिडकीशी न जाता. दोन कार्बोरेटर हवा ओढताना जो सूंऽऽ यायचा तो त्यांना दीड गल्लीवरून कळायचा. आता कार्बोरेटर एक, आणि सूर अगदी मामलेदार साहेब दौऱ्यावर निघाल्यासारखा! शेड कोलशेतला आहे म्हणून काल त्यांना ऐकू गेलं नाही. दसऱ्याला गाडी दारात आणायचीय, हार घालायचाय. डोळ्यांनी त्यांना लाल रंग तेवढा दिसेल, पण किल्ली फिरवली की एका सेकंदात ओळखतील.

आधी सांगू की ऐकू दे? आई म्हणते, ऐकू दे. मला ते फसवल्यासारखं वाटतं. आधी सांगायचं तर सहा वर्षं का लावलीस हे विचारतील, आणि त्याचं उत्तर मला त्यांच्यासमोर देता येणार नाही. तू शेजारी असलास तर देईन. तुझं ते ऐकतात. कार्बोरेटर तू ट्यून करायचास तेव्हा मला हात लावू द्यायचे नाहीत, याचा राग मला अजून आहे.

तुझं नाशिकचं घर झालं असं आईकडून कळलं. वहिनींची बदली झाली का? धाकटीची दहावी यंदाच ना? सगळं सविस्तर कळव.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ये, मुक्कामाला. आणि अप्पांच्या सेटमधला तो जुन्या इंग्लिश मापाचा व्हिटवर्थ पाना तुझ्याकडेच आहे, नाही म्हणू नकोस. जुन्या इंजिनाचे आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ, गिअरबॉक्सच्या बाजूचे बोल्ट अजून तेच आहेत. चाचांनी ते साध्या पान्यानं कसेबसे आवळलेत, दोन डोकी झिजलीसुद्धा. गाडी दारात आणायच्या आधी ते नीट आवळून घ्यायचेत.

तुझा,
शिऱ्या