तपासणीच्या आदल्या रात्री निघणाऱ्या चादरी

संपादक महोदय,

मी २२ वर्षं मुलींच्या बालगृहात अधीक्षिका होते, आता रिटायर झालेय म्हणून मोकळेपणाने लिहितेय. बालगृहाची तपासणी असली की आत काय चालतं हे बाहेर कुणाला माहीत नसतं. आदल्या दिवशी कुठूनतरी फोन येतो की उद्या कमिटी येतेय, मग संध्याकाळपासून नुसती पळापळ, कपाटातल्या नव्या चादरी निघतात, दोन महिन्यांचं रजिस्टर एका बैठकीत एकाच पेनाने भरून होतं, फळ्यावर अंडी केळी लिहिली जातात आणि मुलींना सांगितलं जातं की कोणी विचारलं तर सगळं छान आहे म्हणा. हे मीही केलंय. सुरुवातीच्या वर्षांत एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं होतं, बाई, चादरी उद्या परत घेणार का? आणि आम्ही घेतल्या परत. अजून ते आठवलं की झोप लागत नाही.

कायदा चांगला आहे हो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ५४ आहे, दर ३ महिन्यांनी किमान एकदा तपासणी व्हायला हवी, किमान ३ जणांची टीम, त्यात एक बाई आणि एक वैद्यकीय अधिकारी, आणि आठवड्यात रिपोर्ट. पण रिपोर्ट म्हणजे फाइली आणि खोल्या मोजणं असं झालंय. आमच्याकडे ७ मुलींमागे एक टॉयलेट या हिशोबाने टॉयलेट बरोबर होते, कमिटीने मोजले, बरोबरची खूण केली, पण दोन दारांना आतून कडीच नव्हती आणि दार लावून कोणी बघितलंच नाही.

ते कळलं सूचना पेटीमुळे. नियमात आहे की पेटी ऑफिसपासून लांब, मुलं राहतात तिथे हवी, किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे हवी आणि दर आठवड्याला बाल समितीच्या, म्हणजे तिथल्याच मुलांच्या समितीच्या, समोर उघडायला हवी. आमची पेटी कित्येक वर्षं माझ्याच टेबलाशेजारी होती, किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये, मग कोण चिठ्ठी टाकणार? ती वर झोपायच्या खोल्यांकडे नेली, किल्ली दिली, तर पहिल्याच आठवड्यात ११ चिठ्ठ्या, त्यातल्या चार कडीबद्दल. त्यानंतर मी दर शनिवारी दुपारी स्टाफला घेऊन केस फाइली, औषधं, प्रत्येकीचा काळजी आराखडा बघायला लागले आणि मग फोन आला तरी धावपळ होईना.

२०१८ चं मुझफ्फरपूर विसरू नका. बिहारमधल्या त्या बालिकागृहात सरकारी माणसं येत-जात होतीच, पण मुलींवरचे लैंगिक अत्याचार बाहेर आले ते आपल्या मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या टीमने सोशल ऑडिट, म्हणजे बाहेरच्या लोकांनी केलेली पाहणी, करताना मुलींशी बोलणं केलं म्हणून. पुढे २०२० मध्ये जे दोषी ठरले त्यात तिथल्या बाल कल्याण समितीचा अध्यक्षसुद्धा होता. म्हणजे ज्याच्याकडे मुलीने तक्रार करायची तोच.

स्टाफलाही सगळा दोष देऊ नये, अनुदान रखडतं, पदं रिकामी असतात, माझ्याकडे कित्येक रात्री ४० मुलींना एकच मावशी असायची, तिने रजिस्टर लिहायचं की तापाने फणफणलेल्या पोरीच्या उशाशी बसायचं?

माझं जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना एवढंच मागणं आहे की आधी फोन करू नका, कधीतरी संध्याकाळी जेवणाच्या वेळेला या, स्टाफला बाहेर बसवून मुलांशी बोला, पेटी तुमच्यासमोर उघडायला लावा. आणि रिपोर्ट आला की तो मुलांच्या समितीलाही वाचून दाखवा, त्यांच्याच घराबद्दल आहे तो.

एक निवृत्त अधीक्षिका,
सांगली