पावनखिंडीची सायकल सफर पावसाळ्यात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पन्हाळगड जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट सायकलवरून पाहावी, सोबत जाणता वाटाड्या असावा, असे आता बऱ्याच जणांना वाटते आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे. विनंती एवढीच, की माउंटन बाइकच्या सफरी जुलैत काढू नयेत. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत काढाव्यात.

12 जुलै 1660 च्या रात्री सिद्दी जौहरचा वेढा भेदून शिवाजी महाराज भर पावसात याच वाटेने विशाळगडाकडे निघाले. त्या आठवणीने दर जुलैत हजारो लोक ही वाट पायी चालतात, त्यांत शाळकरी मुलेही असतात. त्याच अरुंद, निसरड्या पायवाटेवर मागून सायकल आली तर चालणाऱ्याने बाजूला व्हायचे कुठे? शिवाय तांबडा चिखल टायर आणि फ्रेमच्या मध्ये असा गच्च बसतो, की चाक फिरतच नाही. तरी जोर लावून पॅडल मारले की मागचा डिरेल्युअर (चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ओढला जाऊन तो ज्यावर बसतो तो हँगर मोडतो. चाकाने पाडलेल्या चरातून मग पाणी वाहते आणि पुढच्या वर्षी तिथे ओघळ झालेला असतो.

मसाई पठाराची काळजी सर्वांत जास्त. हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. जांभ्यावर माती असते बोटभर, कुठे तेवढीही नाही. पाऊस ओसरताना तिच्यात सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद उगवतात. मागचा ब्रेक करकचून दाबून एकाने चाक फरफटवले, तर हातभर पट्टा खरवडून खाली उघडा दगड दिसतो. म्हणून कोरड्या दिवसांतही पठारावर मळलेली गाडीवाट सोडू नये.

सफर काढणाऱ्यांनी खरे लक्ष द्यायचे ते पठारावरून कुंभारवाडीकडे उतरताना. उतारभर ब्रेक धरून ठेवला की रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) आणि तिला दाबणारे पॅड तापतात, हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर स्पंजासारखा आत जातो आणि ऐन वळणावर पकड सुटते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग कमी करावा, वळणात सोडून द्यावेत, म्हणजे पॅडला थंड व्हायला वेळ मिळतो. सीट चार-पाच सेंटिमीटर खाली घ्यावी, दोन्ही पॅडल समपातळीत ठेवावीत, वजन मागे घ्यावे. दोन सायकलींत निदान 15 ते 20 मीटर अंतर हवे. पॅडचे अस्तर अर्ध्या मिलिमीटरवर आले असेल तर तो पॅड गडावरच बदलावा. मेटलचे पॅड जास्त टिकतात, पण स्वस्त रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ असे कोरलेले असेल तर ते लावू नयेत, रोटर झिजतो.

टायर किमान 2.1 इंची हवा. 65 ते 75 किलोच्या माणसाला ट्यूबच्या टायरमध्ये 28 ते 32 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा पुरते. त्याहून कमी ठेवली तर जांभ्याच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटून शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. जास्त भरली तर सायकल दगडावरून उडते. ट्यूबलेसवाल्यांनी टायरमधले सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) ओले आहे ना, हे निघण्याआधी पाहावे. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांतच सुकते आणि करवंदीचा काटा काम करून जातो. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, दुसऱ्याचा बसत नाही. म्हणून ज्याने त्याने आपापल्या सायकलचा सुटा हँगर आणि चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची सुटी कडी) जवळ बाळगावी.

आठ सायकलींना एक वाटाड्या पुढे आणि दुरुस्ती येणारा एक मागे, याहून मोठा गट नको. पुढे जंगलात गव्यांचा वावर आहे. माणसाच्या पावलांचा आवाज त्यांना लांबून कळतो, सायकल मात्र आवाज न करता अंगावर येते. आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवावी. गवा वाटेत दिसलाच तर जागीच उतरून, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरून, हळूहळू मागे यावे. तो वाट सोडेपर्यंत थांबावे, मग अर्धा तास गेला तरी चालेल.

गडावर इतिहास सांगायचा तो सायकल उभी करून. महाराज गडाबाहेर पडले ती राजदिंडी पायी जाऊन पाहावी, सायकल खांद्यावर घेऊन तिथून उतरण्याचा हट्ट नको. 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी पाडलेल्या ‘चार दरवाजा’ नावाच्या दरवाजापाशी बहुतेक जण थांबतही नाहीत, तिथे दहा मिनिटे द्यावीत. पांढरपाण्यापुढे पावनखिंडीत उतरताना सायकली वरच ठेवाव्यात. बाजीप्रभू आणि बांदलांनी जिथे खिंड अडवून धरली, तिथे चाक न्यायचे कारण नाही.

सुमारे 50 किलोमीटरची ही वाट सायकलला एका दिवसात जमते असे कागदावर दिसते. पण उचलून न्यायचे टप्पे आणि थांबे धरले तर दोन दिवस लागतातच, आणि मुक्काम वाटेवरच्या वाडीतच करावा, जेवणाचे पैसे तिथल्याच घरी जावेत. कोल्हापुरातून पन्हाळ्यापर्यंतचे 20 किलोमीटर मात्र सायकल टेम्पोतून न्यावी. ऊसतोडीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पहाटेच रस्त्यावर असतात आणि मागच्या ट्रॉलीला लाल दिवा असेलच असे नाही.

आपले,
काही सायकलस्वार, कोल्हापूर