कंबरदुखीच्या रुग्णाला लघवीचेही विचारा

मा. संपादक,

ऊसतोडीच्या दिवसांत खानापूर, निपाणी, चिकोडीकडून रात्री-अपरात्री कंबर धरून लोक बेळगावला येतात. तातडीच्या विभागात ‘सोंट नोवु’ (कन्नडमध्ये कंबरदुखी) एवढेच कानावर पडले की डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन, एक एक्स-रे आणि ‘सकाळी ओपीडीला या’. बहुतेकांना तेवढे पुरते, कारण बहुतेक कंबरदुखी स्नायूंची असते आणि काही आठवड्यांत उतरते.

मोजक्या रुग्णांचे मात्र तसे नसते. मणक्यातली गादी मागे सरकून खालच्या नसांचा अख्खा जुडगा दाबते. लघवी, शौच आणि पाय यांच्या नसा त्याच जुडग्यात असतात. हा दाब लवकर, शक्यतो २४ ते ४८ तासांत, शस्त्रक्रियेने काढला नाही तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. एक्स-रेत हाडे दिसतात, गादी आणि नसा दिसत नाहीत. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ यावर निर्धास्त होऊ नये, एमआरआयच लागतो. इंजेक्शनने कळ थांबली म्हणजे दाब गेला असेही नाही.

सगळ्यात मोठी फसगत लघवीत होते. डॉक्टर विचारतात, ‘लघवी होते का?’ थेंब थेंब गळत असते, म्हणून घरचे ‘होते’ म्हणतात. खरे तर मूत्राशय तुडुंब भरून वरचे पाणी सांडत असते. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीने किंवा नळी घालून आत किती उरली ते पाहावे. २०० मिलिलिटरच्या वर असेल तर संशय बळावतो. याला दहा मिनिटेही लागत नाहीत, तरी हेच राहून जाते.

दुसरी खूण सांगायला लोक लाजतात: बैठकीची जागा बधिर होते, धुताना हाताला कळते पण तिथल्या कातडीला कळत नाही. आईला किंवा वडिलांना हे मुलांदेखत विचारू नका, पडदा ओढून विचारा. दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा, अंगठा वर न उचलणे हेही सांगावे. ताप, घटलेले वजन, पूर्वीचा कॅन्सर किंवा टीबी, पडल्याचा मार यांतले काही असेल तर तेही. साठीपुढच्या माणसाला कंबरेसोबत पोटातही एकाएकी कळ आली आणि घेरी आली, तर पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली आहे का ते आधी बघावे लागते.

निघण्यापूर्वी फोन करून रात्री एमआरआय चालू आहे का आणि मणक्याचे सर्जन येतील का, हे विचारा. रुग्णाला दुचाकीवर बसवू नका, १०८ बोलवा. चिठ्ठीवर शेवटची लघवी किती वाजता झाली, पाय कधी जड झाले, कोणत्या गोळ्या चालू आहेत (रक्त पातळ करणारी असेल तर ठळक) आणि शेवटचे जेवण कधी, हे लिहा. मूत्रपिंडाचा आजार किंवा पोटात अल्सर असेल तर डायक्लोफेनॅक घेण्यापूर्वीच सांगा. पेसमेकर असेल तर एमआरआयआधी. खिडकीवर कन्नडच समजत असेल तर ‘मूत्र बर्ता इल्ला’ (लघवी होत नाही) एवढे तीन शब्द पाठ ठेवा. दुसरीकडे पाठवत असतील तर संदर्भचिठ्ठीत नुसते ‘कंबरदुखी’ न लिहिता ‘लघवी अडली, बैठक बधिर’ असे लिहून मागा, नाहीतर पुढच्या दवाखान्यात पुन्हा रांगेत थांबावे लागते.

जिल्हा आणि तालुका रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत लघवी, शौच, बैठकीचा बधिरपणा आणि पायांची ताकद हे चार प्रश्न कन्नड व मराठीत छापून केसपेपरलाच जोडावेत. त्याला खर्च फक्त कागदाचा आहे.

— एक निवृत्त परिचारिका, खानापूर