फायबर आले, पण फोन-फॅक्स जोडायचे कुणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदुरात फायबर बसवणारे वायफाय सुरू झाले की निघतात. टेबलावरचा फोन आणि फॅक्स तसेच राहतात, मग ज्याला जमेल तसे तो जोडतो.

फोन राऊटरच्या ‘टेल’ किंवा ‘फोन’ लिहिलेल्या पोर्टातच लावावा. फोनची बारीक पिन लॅनच्या (संगणकाची केबल लावायच्या) रुंद पोर्टातही खटकन बसते, त्यामुळे चूक कळत नाही; रिसीव्हर मात्र मुका.

खरे नुकसान होते ते जुन्या वायरिंगमुळे. वरच्या खोलीतला फोनही वाजावा म्हणून टेलची तार भिंतीतल्या जुन्या सॉकेटला जोडतात. पण खांबावरून येणारी तांब्याची जोडी आधी तोडलीच पाहिजे. लाइन बंद झाली असे आपण समजतो, तरी तिच्यावर एक्स्चेंजचे 48 व्होल्ट डीसी असू शकतात. रिंग आली तर 75 व्होल्टच्या आसपास एसी. टेल पोर्ट तेवढ्याने जळू शकते. तोडलेल्या दोन्ही तारांना वेगवेगळी टेप लावावी. मोकळ्या लोंबणाऱ्या तारा पावसाळ्यात आकाशातल्या विजेचा झटका घरात आणू शकतात.

सियागंजातल्या पेढ्यांवर किंवा वकिलांकडे अजून फॅक्स आहे, त्यांचे दुखणे निराळे. बोलणे स्वच्छ ऐकू येते, पण पान अर्ध्यावर तुटते. वाटेत आवाजाचा बारीकसा तुकडा गळला तर कानाला कळत नाही, फॅक्सचा मात्र ताल चुकतो. म्हणून कंपनीकडून त्या नंबरावर टी.38 (इंटरनेटवरून फॅक्स नेण्याची खास पद्धत) सुरू करून घ्यावे. ते नसेल तर कोडेक (आवाज डिजिटल करण्याची पद्धत) जी.711 ए-लॉ ठेवावा, जी.729 आवाज दाबतो, त्यात फॅक्सचे सूर टिकत नाहीत. मशीनवर वेग 9600 करावा. जी.711 वर ईसीएम (बिघडलेला भाग पुन्हा मागवण्याची मशीनमधली सोय) बंद केलेले बरे: एखादी ओळ बिघडेल, पण तोच भाग पुन्हा पुन्हा मागत कॉल लांबून तुटणार नाही. फॅक्सची तार थेट राऊटरला लावावी, एक्स्टेन्शनवरून नको.

तांब्याच्या लाइनीला वीज एक्स्चेंजमधून यायची. आता लाईट गेली की फोनही गेला. ज्या घरी वृद्ध एकटे असतात तिथे राऊटरला छोटा यूपीएस हवाच. फायबरचा ओएनटी (फायबरची तार जिला जोडतात ती पेटी) वेगळा असेल तर त्यालाही. नुसता राऊटर चालू राहून फोन लागत नाही.

बसवणाऱ्याने मोबाइलवरून रिंग देऊन आणि दोन पानांचा फॅक्स पाठवून दाखवावा, तोवर ग्राहकांनी त्याच्या कागदावर सही करू नये.

आपला,
एक टेलिफोन तंत्रज्ञ, सुदामा नगर, इंदूर