नूमवि-रमणबाग वाद आणि आम्ही फ तुकडीवाले

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेले तीन-चार रविवार तुमच्या पत्रांच्या पानावर रमणबाग आणि नूमवि (म्हणजे नूतन मराठी विद्यालय) या पुण्यातल्या दोन शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची जी काय जुगलबंदी चालू आहे ती मी चहा गार करत वाचतोय. आधी एका आजोबांनी लिहिलं की पुण्यात शाळा म्हणजे रमणबागच, बाकी सगळे क्लास. पुढच्या रविवारी नूमविच्या दुसऱ्या आजोबांनी त्यांना व्याकरणाच्या दोन चुका दाखवल्या आणि 'यावरूनच काय ते समजा' असं म्हणून पत्र संपवलं. मग काय, सुरूच झालं. बोर्डात आमचे किती, शंकरशेट स्कॉलरशिप कुणाकडे जास्त वेळा आली, कुणाचे सर जास्त कडक होते (हा अभिमानाचा विषय कसा होऊ शकतो हे मला आजपर्यंत कळलेलं नाही). मी स्वतः रमणबागी, १९८५ ची दहावीची बॅच, त्यामुळे आमच्या बाजूनं चार शब्द लिहावेत म्हणून बसलो होतो पण लिहिता लिहिता लक्षात आलं की मला दोन्हीकडच्या पत्रवाल्यांशी भांडायचंय.

आधी वयाचं मिटवून टाकू, कारण त्यावरच सगळ्यात जास्त शाई गेलीये. रमणबाग म्हणजे न्यू इंग्लिश स्कूल १८८० च्या जानेवारीतलं, चिपळूणकर, टिळक, आगरकर ही मंडळी आमची. नूमवि १८८३ चं. म्हणजे आम्ही तीन वर्षांनी मोठे, बास, एवढंच. आणि वयच काढायचं तर भावे स्कूलवाले गालात हसत असतील कारण त्यांची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी १८६० पासूनची आहे आणि संस्थापकांत वासुदेव बळवंत फडके आहेत, आता बोला. आणि आमच्या ज्या आजोबांनी 'टिळक-आगरकरांचा एकोपा' वगैरे लिहिलंय त्यांनी जरा सबुरीनं घ्यावं. एकोपा होता ना, १८८२ ला डोंगरीच्या तुरुंगात दोघं एकत्र १०१ दिवस काढून आले. पण पुढे आगरकर केसरीतून बाहेर पडले, त्यांनी सुधारक काढला, आणि १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीच सोडून गेले. दहा वर्षांत संस्थापकांचंच आपसात फाटलं, आपण कशाला नूमविवाल्यांशी भांडायला उसना आव आणायचा.

नावांचं मात्र मला कायम गंमतीचं वाटत आलंय. एक 'न्यू' इंग्लिश आणि एक 'नूतन' मराठी, दोन्ही शाळांना एकशेचाळीस वर्षं उलटून गेली तरी दोघी अजून नव्याच! आमची शाळा नावानं इंग्लिश, शिकवणं सगळं मराठीत, आणि आमच्या वेळी इंग्रजी सुरू व्हायचं तेच पाचवीत. म्हणजे मी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गेलो आणि मग ए बी सी डी शिकलो. नूमविची पोरं अप्पा बळवंत चौकातली, म्हणजे एबीसीतली, ती म्हणायची आम्ही एबीसीतच राहतो, तुम्ही शिकत बसा. यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आमची ताकद म्हणजे 'नू-म-वि, नुसता मस्तीत विद्यार्थी' एवढीच, आणि त्यांच्याकडून लगेच परतफेड यायची, 'रमणबागेत रमले, अभ्यासात दमले'. यमक त्यांचं चांगलं होतं, मान्य करायला हवं. मराठी विद्यालय शेवटी.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडे आलेली सगळी पत्रं, माफ करा, अ तुकडीवाल्यांची आहेत. ओळखू येतं. ज्यांना बोर्डाच्या यादीतले नंबर चाळीस वर्षांनी पाठ आहेत ते अ तुकडीतलेच असणार. त्या काळी दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पेपरच्या पहिल्या पानावर बोर्डात आलेल्यांचे फोटो यायचे, आई पेढा भरवतीये, पोरगं घशात पेढा अडकल्यासारखं बघतंय, आणि खाली 'डॉक्टर व्हायचंय'. गल्लीत चर्चा शाळांची, नूमविचे किती आले, रमणबागेचे किती आले, मध्येच ज्ञान प्रबोधिनी शाळेवाले येऊन सगळं घेऊन गेले का. आता ती गुणवत्ता यादीच बंद झाली, बरं झालं. तर ही जी काय चुरस होती ती दोन्ही शाळांच्या मिळून साठ-सत्तर पोरांची असेल. आम्ही फ तुकडीत होतो. आमची चुरस ई तुकडीशी होती. आमच्यातलं कुणी बोर्डात यायची शक्यता नव्हती, आम्हाला बोर्डाच्या परीक्षेत पास व्हायचं होतं, आणि त्या बाबतीत नूमविच्या शेवटच्या तुकडीचं आणि आमचं दुःख सेम टू सेम होतं. त्यामुळे आमची भेट व्हायची ती स्पर्धेच्या स्टेजवर नाही, एबीसीच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगासमोर, उकिडवी बसलेली दोन्हीकडची पोरं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जून महिना लागला की अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसायची. कोऱ्या पुस्तकांच्या दुकानांत काउंटरवर चार-चार ओळी मागं उभं राहून लोक हात वर करून 'आठवी सेट' ओरडायचे, आणि बाहेर जुन्या पुस्तकांचा बाजार, निम्म्या किमतीत घ्यायची, वर्षानं त्याच्या निम्म्यात परत विकायची. अभ्यासक्रम काही वर्षं तोच राहायचा म्हणून हे चालायचं. आमच्या घरात कोरं पुस्तक फक्त थोरल्या भावाला मिळायचं. त्याच्यानंतर तेच माझ्याकडे यायचं, पण १९८३ ला नववीचं इतिहासाचं त्यानं कुठंतरी हरवलं म्हणून मला फुटपाथवरून घ्यावं लागलं. दोन रुपये. कव्हरला खाकी कागद, त्यावर स्टिकर, स्टिकरवर खोडलेलं नाव, पण खालचं खोडायचं राहिलं होतं: 'इ. ९ वी ग, नूतन मराठी विद्यालय'.

घरी येऊन पुस्तक उघडलं तर पानापानावर या पठ्ठ्यानं लिहून ठेवलेलं. धड्याच्या नोट्स नाहीत हो, भलतंच. एका राजाला चष्मा, एका व्हाइसरॉयला शेंडी. तहाच्या कलमांपुढे 'हे येत नाही' आणि दोन पानांनी परत 'हे पण येत नाही'. एका चाचणीचे मार्क, वीसपैकी सहा, त्यापुढे 'आईला सांगू नये'. मला तो एकदम जवळचा वाटायला लागला. आणि मग टिळकांचा फोटो असलेलं पान आलं, तिथं समासात पेन्सिलीनं ठळक, दोनदा गिरवून: 'रमणबागवाल्यांनो, शंभरी भरली तुमची!'

आता यातली खोच बघा. आमच्या शाळेला शंभर वर्षं झाली १९८० ला, मी पाचवीत होतो, त्यामुळे शंभरी भरली हे तसं खरंच होतं. पण शिशुपालाची भरली तशी. एवढा चांगला विनोद अ तुकडीच्या एकाही स्कॉलरनं केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मी दोन दिवस विचार केला, मग पेनानं, पेन्सिलीनं नाही, खाली लिहिलं: 'तुमची यंदा भरते.' कारण नूमविचं शंभरावं नेमकं १९८३ लाच होतं. माझ्या आयुष्यातलं वेळेवर सुचलेलं ते एकमेव उत्तर. बाकी सगळी रात्री झोपताना सुचलेली आहेत.

वर्षभर मी त्याच पुस्तकावर अभ्यास केला. त्यानं 'येत नाही' म्हटलेलं मलाही आलं नाही. एके ठिकाणी त्यानं 'हे नक्की येणार परीक्षेत' असं लिहून चौकट केली होती, मी ते पाठ केलं आणि ते आलं नाही. विश्वासघात म्हणतात तो हाच, पण शाळेमुळे नाही, तो गडी तसाच होता.

घरात म्हणाल तर माझा चुलतभाऊ नूमविचा. काका बाजीराव रोडला राहायचे म्हणून तो तिकडे, आम्ही शनिवारात म्हणून मी इकडे, दोन शाळांत चालत दहा मिनिटांचं अंतर, एवढंच ते 'परंपरेचं' कारण. दिवाळीत आजीकडे आमची जुंपायची. ग्राउंड आमचं मोठं, तर पुस्तकांचा अख्खा बाजार त्यांच्या दारात. मुलींच्या शाळांपैकी अहिल्यादेवी आमच्याजवळ, तर हुजूरपागा त्यांना जवळ (या मुद्द्यावर दोन्हीकडच्या आजोबांनी आपापल्या पत्रांत एक अक्षर लिहिलेलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो). आजी शेंगा सोलत ऐकायची आणि विचारायची, "दोन्हीकडं सात नव्वे त्रेसष्टच ना रे?" मला त्या वेळी सात नव्वे येत नव्हतं म्हणून मी गप्प बसायचो.

वडीलही रमणबागेचेच. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते दहावीत होते, नदीकाठच्या सगळ्या पेठांत पाणी शिरलं त्यात आमचा वाडा होता, आणि पाणी उतरलं तेव्हा वह्या-पुस्तकांचा लगदा झालेला. त्यांना गणिताची वही उतरवून घ्यायला दिली ती नूमविच्या एका मुलानं. ही गोष्ट वडील फार गहिवरून वगैरे सांगायचे नाहीत, कारण तो मुलगा पुढं दोन महिने रोज सकाळी दारात उभा राहून "झाली का माझी वही?" विचारायचा, आणि त्यांना त्याचा भयंकर राग यायचा. पण मैत्री टिकली, तो माणूस नंतर माझ्या मुंजीत जेवायला होता आणि मठ्ठा दोनदा मागून घेतलेला मला आठवतंय.

आता तर सगळी सरमिसळ झालीये. सवाई गंधर्व महोत्सव बरीच वर्षं रमणबागेच्या ग्राउंडवर व्हायचा, तेव्हा चुलतभाऊ शाल पांघरून माझ्या शेजारी बसून म्हणायचा, चला, तुमच्या शाळेत शेवटी काहीतरी कानावर पडलं. गणपतीत रमणबागेचं पथक असतं, नूमविचं असतं. माझी पुतणी रमणबागेच्या पथकात ताशा वाजवते, तिची शाळा तिसरीच, कर्वेनगरातली. तिला मी विचारलं की नूमविच्या पथकाबद्दल तुमच्यात काय बोलतात, तर म्हणाली, "काका, त्यांच्या तालमीची जागा भारी आहे." संपलं.

तर संपादकसाहेब, माझी विनंती एवढीच. हा वाद चालू ठेवा, मला आवडतोय, रविवार बरा जातो. फक्त शेवटच्या तुकड्यांचीही पत्रं मागवा. बोर्डात आलेल्यांचं सगळं छापून आलेलंच आहे, तेव्हाही आणि आताही. फ, ग, ह तुकडीवाल्यांकडे काय काय आहे बघा तरी एकदा.

आणि जमलं तर एक निरोप छापा. ते इतिहासाचं पुस्तक मी १९८४ च्या जूनमध्ये त्याच फुटपाथवर एक रुपयाला विकलं, बारा आणे देत होता, घासाघीस करून रुपया घेतला. त्यामुळे माझं उत्तर तिसऱ्याच कुणीतरी वाचलं असणार आणि ज्याच्यासाठी होतं त्याला ते कधी मिळालंच नाही. तेव्हा नूमवि, १९८२-८३, नववी ग, वीसपैकी सहावाले जे कोणी असाल ते, टिळकांच्या फोटोच्या पानावर, तुमच्या ओळीच्या खाली, निळ्या शाईत.

आपला,
एक रमणबागी, १० वी फ, १९८५
(सध्या मुक्काम कोथरूड)